फाटकावर ठेवलेला शब्द

दिवाळी उलटून गेली आहे. जवाहरनगरच्या कडेने ज्या बांध्या आहेत त्यांतला धान कापून झाला. कुठे पुंजणे रचलेत, कुठे चुरणी सुरू आहे, आणि संध्याकाळच्या हवेत तणसाचा कोरडा वास आहे. या वासात थोडा वेळ बसू या. क्वार्टरची पायरी असेल तर पायरीवर, नसेल तर जिथे असाल तिथे भिंतीला पाठ टेकून. घाई नाही. आज पडद्यावर काही लावायचं नाही. पाहिलेले चित्रपट आठवायचे आहेत, आणि पाहिले नसतील तर इथे सांगितलं जाईल तेवढं पुरे.

आधी खिसे रिकामे करा. आयुध निर्माणीच्या गावात हे वेगळं शिकवावं लागत नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणारा माणूस माचिस, बिडी, मोबाईल फाटकावर सोडून आत जातो. माचिस काही वाईट नाही, घरी चूल तिनेच पेटते. पण आत जे ठेवलेलं असतं त्याच्याजवळ ती न्यायची नसते. आपणही आज एक वस्तू फाटकावर सोडणार आहोत. वस्तू म्हणजे शब्दच. काहून.

काहून गप हायेस? काहून जेवला नाही? काहून असा बसून राह्यतेस? विदर्भातल्या घरात दिवसाकाठी हा शब्द किती वेळा निघतो याची मोजदाद नको. पुण्या-मुंबईच्या कोरड्या ‘का’मध्ये याची ऊब नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पण जो आतून मोडलाय त्याच्याकडे काहूनचं उत्तर नसतं. शोधूनही सापडत नाही. एकदा तो ‘काही नाही’ म्हणतो, दोनदा म्हणतो, तिसऱ्यांदा आपण दिसलो की रस्ता बदलतो.

आता तुमच्या ओळखीतला असा एक माणूस मनात आणा. नात्यातला असेल, शेजारचा असेल, वर्गातला असेल आणि मध्येच दिसेनासा झाला असेल. नाव तोंडाने घेऊ नका. त्याच्यावर काय बेतलं याची एक गोष्ट तुमच्याकडे तयार असणार. प्रत्येक गावात अशी गोष्ट तयार असते आणि ती त्या माणसापेक्षा जास्त फिरते. ती बाजूला ठेवा. नुसते त्याचे हात आठवा. कप कसा धरतो? चपला कुठे काढतो? एवढंच पाहत एक-दोन मिनिटं थांबा.

आठवलं नाही ना फारसं? मलाही आठवत नाही. गोष्ट पाठ असते आणि हात आठवत नाहीत.

‘कासव’ या चित्रपटाचं सगळं लक्ष हातांकडे आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. एप्रिल 2017 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतरचं मराठीचं हे पाचवं. तरी चित्रपटगृहात यायला ऑक्टोबर उजाडला, आणि आपल्याकडच्या किती जणांनी तो पाहिला हे ज्याने त्याने स्वतःलाच विचारावं. जानकी नावाची एक बाई. इरावती हर्षे ती भूमिका करते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. तिला एक तरुण भेटतो, आजारी, भेदरलेला, जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेला. आलोक राजवाडे. ती त्याला गाडीत घालून कोकणातल्या समुद्राकाठच्या घरी नेते. अंथरूण देते, औषध देते, जेवायला वाढते. कोण, कुठला, काय झालं, यातलं काहीही विचारून त्याला भंडावत नाही.

पहिल्यांदा पाहताना मला हे खटकलं होतं. अनोळखी मुलगा घरात आणायचा आणि नावसुद्धा विचारायचं नाही? आपल्याकडे दारात पाणी देतानासुद्धा ‘कुठले तुम्ही?’ विचारतात. हळूहळू लक्षात आलं, की तिला त्याचं दुखणं माहीत आहे. नाव माहीत नाही, पण दुखणं माहीत आहे. ती स्वतः त्या खड्ड्यात बसून आलेली आहे, म्हणून वरून ओरडून ‘तू खाली कसा गेलास’ असं विचारत नाही.

त्याच किनाऱ्यावर मोहन आगाशे यांचे दत्ताभाऊ कासवं जपतात. हा भाग जरा डोळ्यांसमोर येऊ द्या. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. मागे वळूनही पाहत नाही. पुढचे दीड-दोन महिने वाळूच्या उबेत अंडी राहतात. माणसं कोल्ह्या-कुत्र्यांपासून त्यांची राखण करतात. पिल्लं बाहेर आली की त्यांना वाळूवर सोडतात. समुद्र समोर असतो. उचलून पाण्यात मात्र कुणी टाकत नाही. तेवढं अंतर पिल्लानेच चालायचं असतं, राखणारा बाजूला उभा राहतो. लाट येते, पिल्लू उलटं पडतं, पुन्हा सरळ होतं.

एक श्वास सावकाश घ्या. सोडा. तुमचा तो माणूस वाळूवर आहे असं समजा. तुम्ही किती जवळ उभे आहात?

कोकण आपल्यापासून लांब. आता जवळ येऊ. ‘गाभ्रीचा पाऊस’, 2009, दिग्दर्शक सतीश मनवर. गाभ्रीचा ही आपल्या वऱ्हाडातली शिवी, आणि ती पावसाला घातलेली आहे. गावात एका शेतकऱ्याने आत्महत्या केली. किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनात भीती बसते की आपलाही माणूस असं काही करेल. गिरीश कुलकर्णी किसना, सोनाली कुलकर्णी अलका. ती त्याला एकटं सोडत नाही. लहानग्या दिनूला त्याच्या मागे लावते. त्याला खूश ठेवायला गोडधोड करते. आणि किसना बिचारा पेरणीच्या विवंचनेत असतो, त्याच्या डोक्यात जीव द्यायचं काही नसतंच.

लोक हसतात या प्रसंगांना. हसावं असंच ते लिहिलंय. पण हसून झाल्यावर अलकाकडे पाहा. तोंडाने ती काहून म्हणत नाही, तिचे डोळे चोवीस तास तेच विचारत असतात. घरातल्या कुणावर आपण कधी अशी नजर ठेवली आहे का? उशाखालच्या गोळ्या मोजल्या आहेत का, दाराची कडी काढून ठेवली आहे का? ठेवली असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. भीती खरी असते आणि कधी कधी त्या नजरेनेच माणूस वाचतो. (भीती आता या क्षणाची असेल, कुणाच्याही बाबतीत, स्वतःच्याही, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि 14416 लावा. टेलिमानस आहे ते, सरकारी, फुकट.) पण त्या घरात अलकाही एकटी आहे, हे चित्रपट विसरू देत नाही. राखणाऱ्याची राखण कोण करतं?

‘देवराई’तही हेच येतं. अतुल कुलकर्णी यांचा शेष स्किझोफ्रेनियाने घेरलेला, आणि त्याला आपल्या संसारात आणणारी बहीण सोनाली कुलकर्णीची. 2004 चा चित्रपट. शेषचं काम सगळ्यांना आठवतं. मला बहिणीचा थकवा जास्त आठवतो. तिच्यावर थांबलात तर थोडा वेळ तिथेच राहा.

इथवर प्रश्न विचारू नका म्हणत आलो. आता जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मध्ये आणतो आणि माझंच बोलणं अडतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित झालेला, गावच्याच माणसांनी केलेला हा चित्रपट. टोरांटोच्या महोत्सवात 2023 मध्ये त्याला नेटपॅकचा पुरस्कार मिळाला, आपल्याकडे मार्च 2025 मध्ये आला. सविता नावाची मुलगी. पाहुणे येतात, ती समोर बसते, विचारतात: नाव काय? शिक्षण किती? उंची किती? पाहुणे बदलतात, प्रश्न तेच. पुन्हा स्थळ, पुन्हा पोहे, पुन्हा उंची किती. दिग्दर्शक तो प्रसंग इतक्या वेळा दाखवतो की पाहणाऱ्यालाच उठून जावंसं वाटतं, आणि सविताला उठता येत नाही. माणसांनी भरलेल्या खोलीत, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर असताना, तिच्याइतकं एकटं कुणी नाही. तिला काय वाटतं हे त्या खोलीत एकानेही विचारलेलं नाही. तिथे एखादा काहून हवा होता. पोरी, काहून रुसलीस?

म्हणजे तो शब्द टाकून द्यायचा नाही, फाटकावरच ठेवायचा आहे. परत येताना घेता यावा म्हणून.

असे चित्रपट आपल्याकडे का चालत नाहीत, यावर मला फार काही म्हणायचं नाही. सध्या मंडईचे दिवस आहेत. झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालतं, हजार माणसं एकदम रडतात, एकदम शिट्ट्या मारतात, पहाटे कुडकुडत घरी येतात. हे मला प्रिय आहे आणि त्याच्यासमोर ‘कासव’ लावला तर लोक उठून चहाला जातील, त्यात त्यांची चूक नाही. ते सगळ्यांनी मिळून रडायचं ठिकाण आहे. काही दुखणी मात्र मंडपात मावत नाहीत. त्यांना रात्रीची खोली लागते, आणि शक्यतो शेजारी कुणीतरी, न बोलता.

मघाशी फाटकाचा विषय निघाला, तर हेही सांगायला हवं. 24 जानेवारी 2025 रोजी इथल्या निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. कॅमेरे आले. काय झालं, कसं झालं, काहून झालं, हे विचारणं गरजेचं होतं, चौकशीचं ते कामच आहे. मग कॅमेरे गेले. भावे-सुकथनकरांसारख्यांचा चित्रपट बहुधा तिथून सुरू झाला असता: कुणीतरी पुन्हा पाळीवर जायला निघतं, खिशातून माचिस काढून ठेवतं, आणि घरी आल्यावर ताट तसंच सारून देतं. इथे काही क्षण काहीच आठवू नका. नुसते बसा.

आता आणखी एक आवाज. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. शरद नेरूळकर शास्त्रीय संगीत शिकतो, मेहनत करतो आणि हळूहळू त्याला कळत जातं की आपल्यात ते नाही. मध्यरात्री तो मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो, फार सावकाश, आणि कानात माई नावाच्या एका गायिकेची व्याख्यानं वाजत असतात. माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत, फक्त आवाज असतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. समाजकार्याच्या अभ्यासातून चित्रपटाकडे आलेल्या, 1985 मध्ये ‘बाई’ हा लघुपट करणाऱ्या, पुढे देवराई आणि कासव करणाऱ्या सुमित्रा भावे. 19 एप्रिल 2021 रोजी त्या गेल्या. त्यानंतर अकराव्या दिवशी ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला, आणि करोनाच्या त्या महिन्यात, दारं लावून बसलेल्या घरांमध्ये तो आवाज पोचला. माई कठोर बोलतात, शरदची समजूत वगैरे काढत नाहीत. तरी त्या रस्त्यावर त्याला तेवढीच सोबत असते.

अंधार पडला असेल. चुरणीचं यंत्र थांबलं की एकदम कळतं ते इतका वेळ चालू होतं. आपण सुरुवातीला आठवलेल्या माणसाकडे परत या. त्याचे हात अजून नीट दिसत नसतील, तर बघूनच यावं लागेल. उठा, चहा ठेवा, जास्तीचा एक कप ठेवा. गेल्यावर धानाचं बोला, रानडुकरांनी यंदा किती नासवलं ते बोला, मंडईत कोणतं नाटक लागलंय ते विचारा. बोलला नाही तर बसा. त्याचा चहा निवला तर निवू द्या.

निघताना दोन्ही कप उचलून आणा. उद्या पुन्हा लागतील.