स्थावर आणि जंगम

वाटणीपत्रात किंवा मृत्युपत्रात ‘स्थावर-जंगम मिळकत’ हे शब्द इतक्या सरावाने लिहिले जातात, की तो दस्तऐवज लिहिणाऱ्या कारकुनाला अथवा त्याखाली सही करणाऱ्या वारसाला त्या जोडशब्दाच्या पोटात एक जुना धर्मविचार वसत आहे याची आठवणही होत नाही. बाराव्या शतकात बसवकल्याणच्या शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायी शिवभक्तांनी, याच दोन शब्दांवर आपल्या उपासनेची मांडणी केली: धनवंतांनी दगड रचून उभारलेले देवालय ते स्थावर, आणि गावोगाव हिंडणारा, बोलणारा, प्रसंगी उपाशी राहणारा भक्त तो जंगम, आणि या दोहोंत टिकणारे कोणते, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा बसवेश्वरांनी आपला कौल जंगमाच्या बाजूने दिला. दिवाणी व्यवहाराने मात्र हा क्रम उलटा लावला आहे. जमीन-जुमला तारण ठेवून कर्ज मिळते, तो पिढ्यानपिढ्या वंशजांकडे राहतो. चालते-बोलते जे काही आहे त्याचा भरवसा सावकार धरत नाही.

हा जुना वाद माझ्या मनात पुन्हा जागा झाला तो उत्तर लंडनमधील आर्सेनल या फुटबॉल क्लबाच्या इतिहासामुळे. आलेला पैसा मैदान वाढवण्यात घालावा की संघ उभारण्यात, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसांचा आहे. परंतु उद्याच्या घरासाठी आज कोणी उपाशी राहायचे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असे त्याचे खरे रूप आहे, आणि म्हणून तो मला धर्माचा प्रश्न वाटतो.

१८८६ साली वुलिच येथील सरकारी शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातील कामगारांनी स्थापन केलेला हा क्लब १९१३ मध्ये थेम्स नदी ओलांडून हायबरीला आला, आणि तेथे त्याला जी जागा मिळाली ती धर्मोपदेशक तयार करणाऱ्या एका विद्यालयाच्या क्रीडांगणाची होती. गुड फ्रायडे आणि नाताळ या दिवशी सामना खेळू नये, आवारात मद्याची विक्री करू नये, अशा शर्ती त्या भाडेपट्ट्यात घातलेल्या होत्या. १९२५ मध्ये ६४,००० पौंड मोजून क्लबाने ती जमीन कायम खरेदी केली, तेव्हा त्या सुटल्या. देवाच्या नावाने राखलेल्या जमिनीवर खेळ आला आणि पुढे त्या खेळाचेच क्षेत्र झाले, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. त्याच १९२५ साली हर्बर्ट चॅपमन हा व्यवस्थापक तेथे आला. १९२८ मध्ये डेव्हिड जॅक या एका खेळाडूसाठी दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजण्याची छाती त्याने दाखवली, १९३२ मध्ये पश्चिमेचे प्रेक्षागार उभे राहिले, आणि जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेच्या जवळच्या स्थानकाला क्लबाचे नाव द्यायला त्याने त्या कंपनीला राजी केले. १९३४ च्या जानेवारीत तो वारला. पूर्वेचे सुंदर प्रेक्षागार १९३६ मध्ये पुरे झाले ते त्याने पाहिले नाही. त्या दशकात आर्सेनलने पाच वेळा लीग जिंकली. स्थावर आणि जंगम एकाच हाताने वाढवता येतात याचा एवढा स्पष्ट दाखला पुन्हा क्वचितच मिळाला. पुढे युद्धात हायबरीचे मैदान हवाई हल्ल्यांपासून नागरिकांच्या बचावाच्या कामासाठी घेतले गेले आणि संघ आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, टॉटनहॅमच्या, मैदानावर खेळू लागला. घर गेले तरी क्लब राहिला.

विस्ताराची निकड केवळ लोभातून आली असे म्हणता येत नाही. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या परिणामी ९७ माणसे प्राणास मुकली. तिच्या चौकशीनंतर वरच्या श्रेणींतील क्लबांनी उभे राहण्याचे कठडे काढून प्रत्येक प्रेक्षकाला आसन द्यावे असे ठरले. ज्या हायबरीत १९३५ मध्ये एका सामन्याला ७३,२९५ लोक जमले होते, तेथे आता अडतीस हजारांच्या आसपासच माणसे मावू लागली. चहूबाजूंनी लोकांची घरे, आणि पूर्वेचे प्रेक्षागार वारसा-वास्तू म्हणून संरक्षित, त्यामुळे जागच्या जागी वाढण्याची सोय नव्हती. तेव्हा हाकेच्या अंतरावर, ॲशबर्टन ग्रोव्ह येथे, साठ हजार आसनांचे नवे मैदान बांधण्याचे ठरले. त्याला सुमारे ३९ कोटी पौंड लागले, त्यांपैकी २६ कोटी कर्जाऊ होते, आणि २००६ च्या उन्हाळ्यात त्याचे दरवाजे उघडले.

कर्ज फेडण्याच्या त्या वर्षांची हकीकत सांगताना माझे मन आजही जड होते. २००३–०४ च्या हंगामात याच क्लबाने लीगचे अडतीस सामने एकही न हरता पुरे केले होते. सव्वीस विजय आणि बारा बरोबरी अशी त्याची नोंद आहे. त्या संघाचा कर्णधार पॅट्रिक विएरा २००५ मध्ये गेला, थिएरी ऑन्री २००७ मध्ये गेला. सोळाव्या वर्षी येऊन तेथेच वाढलेला आणि पुढे कर्णधार झालेला सेस्क फाब्रेगास २०११ मध्ये गेला. आणि २०११–१२ मध्ये लीगमध्ये तीस गोल करणारा रॉबिन व्हान पर्सी, तोही कर्णधारच, पुढच्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडकडे गेला. शेजारच्या चेल्सीला २००३ पासून एका रशियन धनिकाची तिजोरी खुली होती. आर्सेनलने जिंकलेला २००५ चा एफए कप आणि २०१४ चा एफए कप यांच्या मध्ये नऊ वर्षे कोरडी गेली. २८ एप्रिल २०१३ चा दिवस पाहा: मँचेस्टर युनायटेडने विजेतेपद निश्चित केलेले होते, म्हणून रिवाजाप्रमाणे आर्सेनलच्या खेळाडूंनी दुतर्फा उभे राहून विजेत्यांना मानवंदना दिली, त्या रांगेमधून त्यांचाच कालचा कर्णधार चालत गेला, आणि थोड्या वेळाने पेनल्टीवर गोलही त्यानेच केला. हे घडले ते नव्या मैदानावर. ज्या वास्तूसाठी सारा त्याग झाला, तिच्याच अंगणात.

जमाखर्चाच्या वह्यांत खेळाडूची नोंद कशी होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. पाच वर्षांच्या करारावर पाच कोटींना घेतलेला खेळाडू पहिल्या दिवशी वहीत पाच कोटींचा असतो. दरसाल एकेक कोटी वजा होत जाऊन करार संपतो तेव्हा तेथे शून्य उरते, मग त्या माणसाचा खेळ तेव्हा ऐन बहरात का असेना. १९९५ च्या बोस्मन निकालानंतर मुदत संपलेला खेळाडू मोबदल्याशिवाय दुसरीकडे जाऊ शकतो, त्यामुळे हे शून्य निव्वळ कागदावरचे राहिले नाही. विटांचे हिशेब वेगळे, माणसांचे वेगळे. आणि माणूस ही मालमत्ता नव्हे हे कायद्याने उशिरा का होईना मान्य केले, याचा मला आनंदच आहे. पण त्यामुळे कर्ज देणाऱ्याची नजर सदैव विटांकडे वळते, हेही तितकेच खरे.

आपल्या मीमांसकांनी यज्ञाचा विचार करताना एक सूक्ष्म विवेक केला आहे. मंत्र म्हणणारे, आहुती टाकणारे ऋत्विज सारे कर्म करतात, दक्षिणा घेतात आणि आपापल्या घरी जातात. कर्माचे फळ मात्र यजमानाचे, कारण संकल्प त्याचा आणि द्रव्यही त्याचे. खेळाडू हे ऋत्विज होत. त्यांनी दक्षिणा घेतली, आणि बार्सिलोनात किंवा मँचेस्टरमध्ये त्यांना अधिक मिळाली, म्हणून त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु या यज्ञाचा यजमान कोण? संकल्प संचालकांनी केला. द्रव्य मात्र फार मोठ्या अंशी त्या प्रेक्षकाने दिले, जो इंग्लंडमधल्या सर्वांत महाग तिकिटांपैकी एक तिकीट वर्षानुवर्षे खरेदी करत राहिला. आणि द्रव्याहूनही मोलाचे असे काही त्याने दिले, ते म्हणजे आयुष्यातली नऊ वर्षे. सत्तरीच्या माणसाला ‘दहा वर्षे धीर धरा’ असे सांगणे आणि विशीतल्या तरुणाला तेच सांगणे, यांत किती अंतर आहे! त्या नऊ वर्षांत जे वारले त्यांच्यापुरती ही उजाड वर्षेच अखेरची ठरली. ज्याचे द्रव्य आणि ज्याचे आयुष्य अग्नीत पडते, त्याला संकल्पाच्या वेळी विचारले गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या नावे संकल्प सोडून त्याच्याच घरातले तूप जाळणे हा यज्ञ नव्हे, मग पुढे मिळणारे फळ कितीही गोड असो.

याला एक अपवाद मी आदराने करतो. व्यवस्थापक आर्सेन वेंगर याला पुढची वर्षे कशी जाणार हे पुरते ठाऊक होते. कर्ज देणाऱ्या बँकांना तो जागेवर राहील याची हमी हवी होती असे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. इतरत्र मानाने बोलावणे असताना तो राहिला, आणि दर हंगामात आपले उत्तम खेळाडू गमावूनही त्या नऊ वर्षांत त्याने क्लबाला एकदाही चौथ्या क्रमांकाखाली घसरू दिले नाही. त्याने आपली उमेदीची वर्षे जाणूनबुजून आहुतीत घातली, आणि त्याबद्दल त्याला त्याच मैदानात ‘आता जा’ असे सांगणाऱ्या घोषणा ऐकाव्या लागल्या. संकल्प आणि त्याग एकाच माणसाच्या ठायी आले ते येथे.

याउलट जंगमावर सर्वस्व उधळणाऱ्याची गत काय होते, ते लीड्सने दाखवले. पुढील कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीच्या भरवशावर सहा कोटी पौंडांचे कर्ज काढून त्या क्लबाने खेळाडू आणले. २००१ मध्ये तो युरोपातील सर्वश्रेष्ठ स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. २००४ मध्ये तो खालच्या श्रेणीत उतरला आणि त्याच वर्षी त्याचे मैदानही विकले गेले. जेमतेम तीन वर्षांचा हा प्रवास. येथेही ज्यांची पुढची तिकिटे आधीच गहाण पडली होती, त्यांना कोणी विचारले नव्हते.

तरीही, मैदान बांधणाऱ्यांची बाजू मला अखेर अधिक पटते, आणि तिचे कारण आपल्याकडच्या पितृऋणाच्या कल्पनेत आहे. पितरांचे ऋण पितरांना परत करता येत नाही. ते पुढच्या पिढीला देऊनच फिटते. ज्या कामगारांनी १८८६ मध्ये वर्गणी काढली त्यांना कोणी काही परत करू शकत नाही. पण आणखी बावीस हजार माणसांना आत बसता येईल एवढी जागा करणे हे त्या ऋणाचे फेडणे आहे. मात्र त्या जागेचे दार तिकिटाच्या दराने त्याच कामगारांच्या नातवंडांना बंद होत असेल, तर फेड झाली असे मी म्हणणार नाही. पंढरपूरच्या मंदिराची दारे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडावीत म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावले, तेव्हा त्यांची लढाई देवळाच्या दगडांशी नव्हती. आत कोण जाऊ शकतो, याच एका प्रश्नाशी ती होती. औंढा नागनाथला नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जावे लागले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. स्थावराने भक्तासाठी हलावे, एवढी अपेक्षा ती कथा लिहिणाऱ्या लोकमनाने दगडाकडूनही केली आहे.

हायबरीच्या जागी आता सदनिका आहेत. पूर्वेच्या प्रेक्षागाराची दर्शनी भिंत तशीच राखली आहे, आणि जेथे खेळ होत असे तेथे रहिवाशांची बाग आहे. चॅपमनने ज्या स्थानकाला नाव मिळवून दिले ते मात्र जागचे हललेले नाही. सामन्याच्या दिवशी माणसे आजही त्याच जुन्या स्थानकावर उतरतात, बोगद्यासारख्या लांब चढणीच्या वाटेने वर येतात, आणि वडिलांचा हात धरून चाललेली मुले, एकटे म्हातारे, गळ्यात लाल पट्टे घातलेले तरुण असा तो सारा लोंढा रेल्वेमार्गावरचा पूल ओलांडून पलीकडच्या मैदानाकडे चालू लागतो.