कारणांवाचून निवाडा : चित्रपटसमीक्षेतील एक नैतिक प्रश्न

शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाविषयी त्याच आठवड्यात समीक्षक जो निकाल देतो, तो साहित्यसमीक्षेतील मूल्यविधानाहून एका बाबतीत वेगळा असतो. कादंबरीवरील अभिप्राय वर्षभराने आला तरी कादंबरी ग्रंथालयात वाचकाची वाट पाहत असते. चित्रपटगृहातील चित्रपटाला ही सवड नसते. नवी मुंबईसारख्या शहरात हा भेद विशेष ठळक होतो. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीपलीकडे वसवलेल्या या शहराला गिरगाव-लालबागसारखी जुन्या एकपडदा चित्रपटगृहांची आणि त्यांभोवती वाढलेल्या प्रेक्षकवर्गाची दीर्घ परंपरा नाही. वाशी किंवा सीवूड्स येथील प्रेक्षक नव्या चित्रपटाला बहुधा मॉलमधील बहुपडदा चित्रपटगृहातच भेटतो. तेथे पुढील आठवड्यातील खेळांची संख्या आणि वेळ पहिल्या तीन दिवसांच्या तिकीटविक्रीवर बऱ्याच अंशी ठरते. साहजिकच समीक्षकाचा निकाल हा कृतीचे केवळ मूल्यमापन उरत नाही. तो तिच्या भवितव्यातील हस्तक्षेप ठरतो. असा हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्याला कोठून प्राप्त होतो, हा येथील प्रश्न आहे.

या प्रश्नाला दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले उत्तर मौनाचे. केरळ उच्च न्यायालयासमोर 2023 मध्ये आलेल्या प्रकरणात न्यायमित्राने 2024 साली असे सुचवले होते, की प्रदर्शनानंतरचे 48 तास परीक्षणे टाळावीत. या सूचनेमागील चिंता खरी आहे. परंतु मौन तटस्थ असते, हे तिच्यातील गृहीतक तपासून पाहावे लागते. निर्मात्याची जाहिरात हाही एक निवाडाच असतो, आणि तो प्रदर्शनापूर्वीच दिलेला असतो. समीक्षक गप्प राहिला म्हणजे प्रेक्षकाच्या कानी केवळ जाहिरातदाराचा आवाज पडत राहतो.

दुसरे उत्तर नम्रतेचे : 'हे केवळ एकाचे वैयक्तिक मत.' रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (1974) या ग्रंथामुळे मराठी अभ्यासकांना सुपरिचित झालेला कांटचा भेद येथे उपयोगी पडतो. एखादी गोष्ट आपल्याला रुचते असे म्हणणारा इतरांकडून सहमतीची अपेक्षा करीत नाही. ती सुंदर आहे असे म्हणणारा मात्र ती करतो. समीक्षक वृत्तपत्रात लिहितो तेव्हा तो दुसऱ्या प्रकारचे विधान करीत असतो. अधिकार सर्वांसाठी बोलण्याचा घ्यायचा आणि जबाबदारीची वेळ आली की खाजगी रुचीच्या आडोशाला जायचे, ही नम्रता नसून पलायन आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाच्या संदर्भात हा प्रश्न मूर्त रूप घेतो. 2014 साली व्हेनिस महोत्सवात गौरवलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा चित्रपट 17 एप्रिल 2015 रोजी प्रदर्शित झाला. त्याविषयी 'संथ' हे एकच विशेषण वापरून कोणी निकाल दिला, तर ते विधान खोटे ठरणार नाही. मात्र ते अन्यायकारक ठरेल. येथे कॅमेरा स्थिर राहतो आणि प्रसंग संपल्यावरही रेंगाळतो. गटार साफ करणाऱ्या मृत कामगाराची पत्नी साक्ष देते : आत उतरण्यापूर्वी तो खडा टाकून पाही, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे, असे समजे. हे वाक्य न्यायालयाच्या कामकाजात सहज विरून जाते, आणि ते विरताना पाहण्यासाठीच तो संथपणा योजलेला आहे. शेवटाकडे सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळोखा राहतो. चित्रपट संपला असे वाटावे असाच तो क्षण आहे. परंतु त्यानंतर सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात, आणि झोपमोड करणाऱ्या मुलांपैकी एकाला त्यांनी मारलेली चपराकही दिसते. घाईने दिलेल्या निवाड्याचे स्वरूप हा चित्रपट स्वतःच उघड करतो.

'संथ' म्हणणाऱ्या समीक्षकाची चूक कठोरपणाची नाही, तशीच ती घाईचीही नाही. त्याने कारण दिलेले नाही, ही त्याची चूक आहे. 'कॅमेरा हलत नाही, आणि या स्थिरतेतून काही निष्पन्न होत नाही' असे त्याने लिहिले असते, तर सीवूड्सचा प्रेक्षक ते विधान पडद्यावर ताडून पाहू शकला असता, त्याच्याशी भांडू शकला असता. तारकांची संख्या असा वाद घालू देत नाही. हीच कसोटी स्तुतीलाही लागू होते : 'चुकवू नये असा' हा कारणांवाचून केलेला गौरव तितकाच सदोष होय. पुरस्कार हेही कारण नव्हे. वृत्तपत्रात जागा अपुरी असते, हा आक्षेप यावर घेता येईल. पण एका दृश्याचे नेमके वर्णन करण्यास चार ओळी पुरतात.

शेवटी काळ न्याय करतो, या ह्यूमच्या विचाराशी नाते सांगणाऱ्या समजुतीचाही येथे परामर्श घ्यावयास हवा. 1959 साली प्रदर्शित झालेला गुरुदत्तचा 'कागज के फूल' अपयशी ठरला; त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्याने आपले नाव पुन्हा लावले नाही. आज त्या चित्रपटाची गणना श्रेष्ठ कृतींत होते. परंतु हे केवळ काळाने घडवले नाही. अरुण खोपकरांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (1985) यासारख्या लेखनाने कारणे पुरवली, म्हणून पुनर्विचार शक्य झाला. कृतीला तो लाभला. 1964 साली मृत्यू पावलेल्या कर्त्याला लाभला नाही.

न्यायालयाच्या निर्णयात कारणे नमूद करावी लागतात, कारण त्यांवाचून अपिलाला आधार उरत नाही. समीक्षकाचा अधिकारही याच अटीवर उभा आहे. चूक न करण्याची हमी त्याच्याकडून मागता येणार नाही; ती दुसऱ्याला दाखवता येईल अशा रीतीने करावी, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. चित्रपट सोमवारी पडद्यावरून उतरला, तरी ती कारणे छापलेली राहतात आणि त्यांच्या आधारे पुढचा वाचक तो निकाल फिरवू शकतो.