‘ब्लॅकहॅट’ : मरणारी माणसं स्क्रीनवर दिसत नाहीत

मायकल मानचा ‘ब्लॅकहॅट’ जानेवारी २०१५मध्ये आला आणि आपटला. सुमारे सात कोटी डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमानं जगभरातून जेमतेम दोन कोटी कमावले. वर विनोद झाले ते वेगळेच. ‘थॉर’ झालेला क्रिस हेम्सवर्थ म्हणे हॅकर! एवढे दंड काय कीबोर्ड बडवून होतात? विनोद रास्त आहे. संवाद पुटपुटल्यासारखे आहेत आणि प्रेमप्रकरण उरकून टाकल्यासारखं आहे, हेही खरं. तरीही हॅकरपटांत हा सिनेमा बराच वरचा आहे. त्यातली खरी खोट दंडांत नाही, दुसरीकडेच आहे. (ती सांगताना शेवट फुटणार, तेव्हा सांभाळून.)

आधी जमलेलं सांगतो. इथलं हॅकिंग म्हणजे हिरव्या अक्षरांचा पाऊस नाही. नायक हॅथवेला अमेरिकेच्या एनएसएकडचं एक सॉफ्टवेअर हवं असतं. तो तिथल्या एका अधिकाऱ्याला मेल पाठवतो : पासवर्ड बदला, सूचना सोबतच्या पीडीएफमध्ये आहेत. अधिकारी फाइल उघडतो, नवा पासवर्ड टाइप करतो आणि तो थेट हॅथवेच्या हाती लागतो. पुढे जाकार्तात त्याची मैत्रीण लिएन कॉफी सांडलेले कागद दाखवून ‘एवढं प्रिंट करून द्याल का?’ म्हणत पेन ड्राइव्ह पुढे करते. कुलूप कितीही भक्कम असो, दार आतलाच कुणीतरी उघडतो आणि बऱ्याचदा निव्वळ चांगुलपणानं. केवायसीचे खोटे मेसेज रोज येणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता खलनायक. सुरुवातीलाच हाँगकाँगमधल्या एका अणुवीज केंद्राचे पंप बिघडतात आणि स्फोट होतो. माणसं मरतात. कारण कळतं ते फार नंतर. सादाकला मलेशियातल्या कथिलाच्या खाणी बुडवायच्या असतात. कथिलाचे भाव चढले की त्याचा सौदा फळणार. तिथले पंप त्याच जातीचे, म्हणून अणुकेंद्र ही फक्त रंगीत तालीम! त्याचा कुणावर राग नाही, कुणाशी वैर नाही. मेलेल्यांतला एकही चेहरा त्यानं पाहिलेला नाही. हे अगदीच कल्पनेतलंही नाही : २०१०मध्ये सापडलेल्या ‘स्टक्सनेट’चं लक्ष्य इराणमधल्या नतांझ इथली खरी यंत्रं होती.

इथे सिनेमा मोठा प्रश्न विचारतो. समोरच्याच्या पोटात सुरा खुपसताना हात थरथरू शकतो. एंटर दाबताना कशाला थरथरेल? मग अंतर वाढलं की दोष कमी होतो का? मानचं उत्तर स्पष्ट आहे : नाही. म्हणूनच तो सादाकला स्क्रीनमागून ओढून जाकार्ताच्या रस्त्यावर आणतो आणि हॅथवेच्या हाती बंदूक न देता धार लावलेला स्क्रूड्रायव्हर देतो. इतक्या जवळून मारताना समोरचा दिसतोच.

पण हाच नियम सिनेमा आपल्या नायकाला लावत नाही. हल्ल्यात वापरलेल्या प्रोग्रामचा मूळ कोड हॅथवे आणि त्याचा मित्र चेन यांनीच कॉलेजात असताना लिहिलेला. हा दुवा तपासाला उपयोगी पडतो आणि मग विसरला जातो. कोड लिहून सोडून देणाऱ्याची जबाबदारी किती, हे हॅथवेला एकदाही बोचत नाही. शेवटची झुंज भर मिरवणुकीत होते. गोळ्या सुटतात, मशाली घेऊन चाललेली माणसं कोसळतात. कॅमेरा मात्र नायकामागे धावत राहतो. ही माणसंही शेवटी पार्श्वभूमीच ठरतात, सादाकला त्या खाणींजवळची माणसं वाटत होती तशीच. आणि बाजार हलवून लुबाडलेले पैसे? ते घेऊन हॅथवे आणि लिएन विमानतळावरून निघून जातात.

हॅथवेला सादाकइतका दोषी धरा, असं मी म्हणत नाही. एकानं मरणांचा हिशेब मांडून ती घडवली; दुसऱ्यानं एक चलाख खेळणं बनवून मोकळं सोडलं. फरक मोठा आहे. पण दोष कमी असणं म्हणजे दोष नसणं नव्हे आणि सिनेमा नेमकी ही पायरी गाळतो. आज कोड लिहिणारी, फॉरवर्ड करणारी, कुणाची तरी क्लिप ‘गंमत म्हणून’ सोडून देणारी आपण बहुतेक मंडळी सादाक नसतो. आपण त्या गाळलेल्या पायरीवर असतो. म्हणून ‘ब्लॅकहॅट’ जरूर पाहा, आणि विमानतळावरच्या त्या शेवटाशी थोडं भांडाही.