थकवा आणि कमजोरी

वार्धक्य हा रोग की अवस्था, हा प्रश्न फार काळ तत्त्वचिंतकांकडे होता. अलीकडे तो दवाखान्याच्या पाटीवर आला आहे. पूर्वी रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर चुन्याच्या ठळक अक्षरांत गेलेली ताकद परत मिळवून देणाऱ्या वैद्यांच्या जाहिराती असत, आणि सभ्य मनुष्य त्या वाचूनही न वाचल्यासारखे करून मान फिरवीत असे. आज तेच आश्वासन काचेच्या दाराआड, वातानुकूलित दालनात, रक्ताच्या अहवालासह मिळते. त्याला 'हार्मोन संतुलन' किंवा 'वेलनेस' अशी प्रतिष्ठित नावे आहेत. तेथे जाणारा मान फिरवीत नाही. उलट शेजाऱ्याला पत्ता देतो. आमच्या स्नेहलतागंजातील जुन्या मराठी घरांतही असे पत्ते येऊन पोहोचले आहेत, म्हणून हा विषय येथे घ्यावासा वाटला.

या उपचारांची हेटाळणी करणे सोपे आहे. पण ज्याला अजून गुडघ्यांनी दगा दिलेला नाही, त्याने तरी ती करू नये. आधी वस्तुस्थिती पाहू. पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तिशी-चाळिशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्का या गतीने उतरत जाते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन अवघ्या काही वर्षांत झपाट्याने कमी होते. ग्रंथींच्या विकारामुळे ज्यांच्या शरीरात ही द्रव्ये तयारच होत नाहीत, त्यांना ती बाहेरून देणे हा रास्त उपचार आहे. वाद आहे तो ज्यांच्याकडे वयाखेरीज दुसरे कारण नाही त्यांच्याविषयी. अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कामेच्छेत माफक सुधारणा दिसली, मनःस्थितीही किंचित उजळली. परंतु ज्यासाठी बहुतेक लोक दवाखान्याची पायरी चढतात त्या उत्साहाच्या बाबतीत, खरे औषध लावणारे आणि निव्वळ निरुपद्रवी लेप लावणारे यांच्यात सांगण्याजोगा फरक आढळला नाही. २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांचा आणखी मोठा अभ्यास पुढे आला. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण औषधाने वाढत नाही, असे त्यातून दिसले. हा दिलासाच म्हणायचा. मात्र हृदयाची अनियमित गती, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाला इजा यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक होते. शिवाय बाहेरून पुरवठा सुरू झाला की शरीर स्वतःचे उत्पादन आवरते घेते, ही गोष्ट पहिल्या इंजेक्शनपूर्वी सांगितली जावी. ती नेहमी सांगितली जाते असे मात्र नाही.

वाढीच्या संप्रेरकाची कथा तर उद्बोधक आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एकवीस वृद्धांवरील एक छोटा प्रयोग छापून आला. त्यांतील बारा जणांना सहा महिने हे संप्रेरक दिले होते. त्यांचे स्नायू वाढले, चरबी घटली. एवढ्याशा आधारावर तारुण्याचा मोठा बाजार उभा राहिला. पुढे २००३ मध्ये त्याच नियतकालिकाला आपल्या त्या निबंधाच्या अशा वापराबद्दल इशारा छापावा लागला.

अशा वेळी आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते: ही सारी पाश्चात्त्यांची हाव, आपली संस्कृती जरा स्वीकारायला शिकवते. हे वाक्य आम्हांला मान्य नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी दोन अंगे, रसायन आणि वाजीकरण, याच व्यवहारासाठी आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाने होतो, ज्वराने नव्हे. जराजर्जर च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी तरुण केले, ही कथा आपण श्रद्धेने सांगतो आणि हिवाळ्यात त्यांच्या नावाचा अवलेह चमच्याने खातो. १९३८ च्या आरंभी पंडित मदनमोहन मालवीय यांनी वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी प्रयागजवळ तपसीबाबा यांच्या देखरेखीखाली चाळीस दिवसांचा कायाकल्प केला, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले होते. काशी विश्वविद्यालयासारखी संस्था उभारणारा हा पुरुष काही भोगासाठी अंधाऱ्या कुटीत शिरला नव्हता. हातातली कामे अपुरी होती. त्या उपचाराचा लाभ टिकला नाही. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, कुलगुरुपद राधाकृष्णन यांच्याकडे गेले आणि १९४६ मध्ये मालवीयजी निवर्तले. तेव्हा इच्छा आमचीही तीच आहे, पाश्चात्त्यांची तर आहेच. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या थोर शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि आपल्याला तरतरी आली असे विद्वत्सभेत जाहीर केले. त्या पाणेरी अर्कात संप्रेरकाचा अंश नगण्य असणार, असे आजचे शास्त्र सांगते. मग तरतरी आली ती कोठून? या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येऊ.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. निवृत्त, अडुसष्ट वर्षांचे. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. एक मुलगा पुण्यास, दुसरा परदेशी. स्नेहलतागंजातील तीन खोल्यांच्या घरात ते आणि सकाळी येणारी मोलकरीण. त्यांना थकवा वाटू लागला. येथे भाषेचा एक मुद्दा आहे, आणि मराठी घरात जन्मून हिंदी शहरात आयुष्य घालवलेल्या वाचकांस तो चटकन समजेल. आमच्या भाषेत थकण्याचे प्रकार किती! काम करून येतो तो शीण. प्रवासाचा शीणवटा वेगळा. आजारातून उठल्यावर असतो तो अशक्तपणा. काही करावेसे वाटत नाही ती मरगळ. उन्हाने येते ती ग्लानी. रोज तेच ते करून येतो तो कंटाळा, आणि कोणासाठी करायचे हेच कळेनासे होते तेव्हा जे येते त्याला आमच्या आज्या 'जीव रमत नाही' एवढेच म्हणत. हे गृहस्थ दवाखान्यात गेले आणि तेथील तरुण डॉक्टरांशी अर्थातच हिंदीत बोलले. या साऱ्या छटांची मिळून एक 'कमजोरी' झाली. अहवालाच्या रकान्यात तिचे पुन्हा भाषांतर होऊन 'लो एनर्जी' असे लिहिले गेले. रक्त तपासले; आकडा प्रयोगशाळेच्या खालच्या मर्यादेच्या जरासा खाली होता. हे रक्त सकाळी घ्यावे, आणि निदानापूर्वी निदान दोनदा तपासावे, असा वैद्यकीय दंडक आहे, कारण दिवसभरात, अपुऱ्या झोपेने, साध्या तापानेही हा आकडा बदलतो. त्यांचे रक्त एकदाच, दुपारी घेतले होते. इंजेक्शने, गोळ्या आणि सलाईनमधून द्यायची जीवनसत्त्वे मिळून सहा महिन्यांचा ठराव झाला.

पहिल्या महिन्यात त्यांना खरोखर बरे वाटले. आम्ही खोदून विचारले तेव्हा जे कळले ते आम्हांस या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिल्या भेटीत त्यांच्याशी जवळजवळ तासभर बोलणे झाले. झोप कशी लागते, जेवण कोण करते, पूर्वी काय आवडत असे, आता काय आवडते, असे त्यांना क्रमाने विचारले गेले. एका शब्दानेही घाई केली नाही. हे कोणी विचारले त्याला, म्हणाले, चार वर्षे झाली होती. ब्राऊन-सेकारच्या तरतरीचे उत्तर बहुधा येथेच कोठे तरी आहे. दवाखाना विकतो ते औषध, पण रुग्णाला जे मिळते ते ऐकून घेणारे कान. दुर्दैवाने त्या कानांना ऐकलेल्यातून एकच निष्कर्ष काढण्याची परवानगी असते.

म्हणून आमचा आक्षेप नैसर्गिक-कृत्रिम या भेदावर नाही. मोतीबिंदू काढून डोळ्यात भिंग बसवतात तेव्हा कोणी वार्धक्य स्वीकारण्याचा उपदेश करीत नाही, कवळीलाही कोणी वासना म्हणत नाही. आक्षेप असा, की थकवा ही पुष्कळदा कोणाला तरी उद्देशून केलेली तक्रार असते. मुलाला, सुनेला, मित्रांना, कधी गेलेल्या जोडीदाराला. दवाखाना ती तक्रार घेतो आणि तिच्यावरचा पत्ता खोडून टाकतो. ती आता कोणालाही उद्देशून राहत नाही. एका ग्रंथीचा उणेपणा ठरते, आणि ग्रंथी काही उत्तर देत नाही. पुण्याचा मुलगा दूरध्वनीवर विचारतो, "बाबा, इंजेक्शन घेतलं ना?" आणि 'घेतलं' या उत्तराने बोलणे संपते. मुलाने पैसे पाठवलेले असतात. त्याला दोष देण्याची आमची इच्छा नाही. पैशाने भागेल असे जे काही होते ते त्याने भागवले.

पण याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. आमच्या घरांत या दवाखान्यांच्या कितीतरी आधीपासून एक वाक्य तेच काम करीत आले आहे: आता वयच झालं. घरातील स्त्रियांच्या वाट्याला ते सर्वांत अधिक आले. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बाईला रात्री अंग भाजल्यासारखे होऊन जाग येई, छाती धडधडे, लहानसहान गोष्टींनी डोळे भरून येत; तिला सांगितले गेले की हे सर्वांनाच होते. कित्येकींचा थकवा वयाचा नसून रक्तक्षयाचा होता, थायरॉइडचा होता, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचा होता, शाकाहारी घरांत तर विशेषच. काहींचा तो सरळ नैराश्याचा होता. साध्या तपासणीत हे कळले असते. आणि इस्ट्रोजेनचे उपचार ज्यांना खरोखर उपयोगी पडले असते त्यांनाही ते मिळाले नाहीत. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने त्यांचे धोके दाखवले आणि जगभर भीती पसरली. त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते आणि पन्नाशीच्या स्त्रीचा हिशेब वेगळा पडतो, हे समजायला पुढे बरीच वर्षे गेली. तेव्हा जी बाई आज आपण होऊन अशा दवाखान्यात जाते, तिला आम्ही हसणार नाही. तिचे घरात कोणी ऐकलेच नव्हते.

'हार्मोन कमी आहे' आणि 'वय झाले आहे' ही दोन वाक्ये परस्परविरोधी भासतात. एक आशा देते, दुसरे ती काढून घेते. तरी दोहोंचा परिणाम एकच: पुढचा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

या संदर्भात ययातीची आठवण अपरिहार्य आहे. खांडेकरांनी त्याला मराठी वाचकाच्या घरात आणून बसवले, आणि १९७४ चे ज्ञानपीठ मिळाल्यावर तर तो आमचा राष्ट्रीय नमुनाच झाला. ययाती म्हणजे वासना, एवढेच समीकरण आपण लक्षात ठेवले. आम्हांला महाभारतातल्या मूळ कथेतली एक गोष्ट अधिक विलक्षण वाटते. अकाली जरा आलेल्या ययातीला आपले मागणे मुलांसमोर उच्चारावे लागले. यदूला विचारले, तो नाही म्हणाला. इतरांना विचारले, तेही नाही म्हणाले. शेवटी पुरू हो म्हणाला. मागणे निर्लज्ज होते, त्याबद्दल दुमत नाही. पण ते तोंडावर केलेले होते. नकार देणाऱ्यांना नकाराची किंमत द्यावी लागली आणि होकार देणाऱ्याला होकाराची. आजच्या ययातीला कोणालाच विचारावे लागत नाही. त्याचे मागणे पावतीवर लिहिले जाते, आणि त्याचे पुत्र नकाराच्या अवघड प्रसंगातून सुटतात. हा सौदा दोन्ही पक्षांना सोयीचा आहे, आणि त्यामुळेच आम्हांला तो संशयास्पद वाटतो.

रसायनाविषयी जुन्या ग्रंथकारांनी दोन अटी घातल्या होत्या, त्यांचाही उल्लेख येथे करावा. सुश्रुताच्या मते रसायन घ्यायचे ते पूर्ववयात किंवा मध्यवयात. अगदी उतारवयापर्यंत वाट पाहून नव्हे. आणि चरकाने आचाररसायन म्हणून एक प्रकार सांगितला, त्यात औषध नाहीच. खरे बोलणारा, न रागावणारा, वेळेवर झोपणारा-उठणारा, वृद्धांची सेवा करणारा मनुष्य नित्य रसायन सेवन करीत असल्यासारखाच मानावा, असा त्याचा आशय. वृद्धांची सेवा हे तरुणाचे रसायन! आम्ही या यादीला वैद्यकीय पुरावा म्हणत नाही. पण वैद्यकाच्या ग्रंथात औषधाच्या बरोबरीने माणसे येतात, याची नोंद घेण्यास हरकत नसावी.

त्या गृहस्थांचा ठराव तिसऱ्या महिन्यात थांबला. रक्त प्रमाणाबाहेर दाट झाले होते. हा या उपचाराचा परिचित दुष्परिणाम आहे. दुसऱ्या एका वृद्ध वैद्यांनी त्यांना रात्रीच्या घोरण्याविषयी विचारले, साखर तपासली आणि संध्याकाळी चालावयास सांगितले. मग ते आमच्याकडे आले आणि थोडे त्रासून म्हणाले, की या नव्या डॉक्टरांना काहीच करता येत नाही. आम्ही विचारले, हा थकवा सकाळी उठल्याबरोबर असतो, की दिवेलागणीला येतो? ते आठवू लागले. दिवेलागणीला, असे म्हणाले. आणि मग, रविवारी अधिक.