लिखित, भुक्ती आणि साक्षी

वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आंबोलीत कागद जपणे हे एक व्रतच आहे; आषाढ-श्रावणात पेटीतल्या दस्तऐवजालाही बुरशी धरते आणि आजोबांच्या हातची शाई नातवाच्या डोळ्यांदेखत फिकी पडते. परंतु या घाटमाथ्याला वर्षानुवर्षे सलत आलेले दुःख कागद भिजल्याचे नाही. कागद कोरडा आणि सहीशिक्क्यानिशी शाबूत असून त्यावर आपले नाव नाही, याचे ते दुःख आहे.

सावंतवाडी संस्थानच्या अमदानीपासून आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतील जमिनी ‘कबुलायतदार गावकर’ या सामाईक नावाने वहिवाटल्या जात होत्या. १९९९ मध्ये सातबाऱ्यावरील ते नाव जाऊन तेथे ‘महाराष्ट्र शासन’ अशी नोंद झाली. बांध जागचा हलला नाही, नाचणीची पेरणी थांबली नाही, ग्रामदेवतेचा मानपान चुकला नाही. आणि तरीही, कागदापुरते पाहिले तर, पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा मनुष्य तिला परका झाला. अशा वेळी मनात जो प्रश्न उभा राहतो तो केवळ महसुलाचा नसतो: नोंद म्हणजेच सत्य काय?

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन मानुष प्रमाणे सांगितली; म्हणजे दस्त, प्रत्यक्ष वहिवाट आणि पाहणाऱ्याची ग्वाही. यांतले एकटे लिखित पुरेसे असते, तर उरलेली दोन सांगण्याचे प्रयोजनच नव्हते. आजचा कायदाही याहून निराळे बोलत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १५७ वे कलम अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानते, परंतु ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच.

ब्लॉकचेन नावाची जी नवी विद्या सरकारी दप्तरांच्या दाराशी आली आहे, तिचे मोल या तीन प्रमाणांच्या कसोटीवर पाहिले पाहिजे. तिच्यात नोंदींचा प्रत्येक गट आपल्या मागच्या गटाची अंकमुद्रा स्वतःत बाळगतो. मागचे एक अक्षर जरी कोणी बदलले, तरी पुढच्या साऱ्या मुद्रा विसंवादी होतात. आणि त्या साखळीच्या प्रती अनेकांच्या स्वाधीन असल्यामुळे एका कारकुनाला वश करून काम भागत नाही. म्हणजे येथे लिखितालाच साक्षीचा गुण येतो. मागील तारखेची नोंद, गहाळ झालेले पान, बनावट नक्कल या आपल्या दप्तरांच्या जुन्या व्याधींवर हे मोठे औषध आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे या साखळीशी जोडण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. दुर्गम भागातील विद्यार्थ्याला आपला दाखला खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी कोणाच्या मर्जीवर विसंबावे लागू नये, हा त्यातला लाभ लहान नाही. शिवाय आपल्या फेरफाराच्या रीतीशी ही विद्या सहज जुळते. कारण सातबाऱ्यावरही जुने नाव खोडून नाहीसे करावयाचे नसते, त्याला कंस करून फेरफाराचा क्रमांक लिहावयाचा असतो.

परंतु या साखळीला भुक्ती दिसत नाही. शेताच्या बांधावर कोण उभा आहे, हे तिला ठाऊक नसते. आंबोलीतील ती नोंद तिची पहिली कडी झाली असती, तर तीही तिने तितक्याच निष्ठेने जपली असती. अक्षर राहणे आणि सत्य असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. वेदान्तातला साक्षी केवळ पाहतो, निवाडा करीत नाही. ही साखळी तशीच आहे. निवाड्याचा धर्म मनुष्याचाच राहतो.

तथापि तिच्या या अलिप्ततेतही एक नैतिक बळ आहे. चूक दुरुस्त करावयाची झाल्यास नवी कडी जोडावी लागते आणि जुनी चूक सर्वांसमक्ष तशीच राहते. कोणत्या हुकुमाने, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून ती झाली, हे पुसता येत नाही. शास्त्रकारांनी पापक्षालनाच्या साधनांत ख्यापनास, म्हणजे केलेले उघड बोलून दाखविण्यास, स्थान दिले आहे. राज्यसंस्थेलाही त्या मार्गाने जावयास लावणारे दप्तर हा प्रजेचा मोठाच आधार होय.

म्हणून ज्यांच्या हाती ही विद्या येईल त्यांना एवढीच विनंती की, पहिली कडी ओवण्यापूर्वी नोंदीचा मजकूर चावडीवर मोठ्याने वाचावा, वहिवाट शेतात जाऊन पाहावी, हरकत घेणाऱ्या वृद्धेचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, आणि मगच ते लिखित अक्षय करावे. जे पुसता येणार नाही, ते लिहिण्यापूर्वी गावाला विचारले पाहिजे.