लेखणीचा धनी कोण?

वारकरी सज्जनहो, लेखकाने आपल्या ग्रंथाचे मोल घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न सांप्रत पुष्कळांच्या मनात घोळतो आहे. कारण असे लिहिणारे आता गावोगावी झाले आहेत, की जे कोणत्या संस्थेचे नोकर नाहीत, कोणा प्रकाशकाला बांधलेले नाहीत. स्वतः लिहितात, पदरचे पैसे घालून छापतात, आणि पुस्तके पिशवीत घालून स्वतःच विकत हिंडतात. लोक त्यांना 'स्वतंत्र लेखक' म्हणतात. आमच्या चाळीसगावाकडे, गिरणेकाठच्या खेड्यांतून, असे दोन-चार तरुण आमच्या पाहण्यात आहेत.

यावर आपल्यातील जुन्या मंडळींचा आक्षेप असा, की शब्द ही सरस्वती. तिचा बाजार मांडणे हे पाप. संतांनी कधी अभंग विकले काय? आक्षेप ऐकायला गोड आहे. परंतु परवा एका मुक्कामी हीच चर्चा चालली असता कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याने अहिराणीत एवढेच विचारले, "मंग तो खास काय?" म्हणजे, मग तो खातो काय? सगळे हसले, पण उत्तर कोणी दिले नाही. ते द्यावे म्हणून हा लेख.

प्रथम 'स्वतंत्र' या शब्दाचाच विचार करू. व्यवहारात आपण त्याचा अर्थ 'ज्याला कोणाची गरज नाही तो' असा घेतो. व्याकरणशास्त्र तसा घेत नाही. पाणिनीने कारकांचा विचार करताना कर्त्याचे लक्षण सांगण्यास 'स्वतंत्र' हाच शब्द योजला आहे. आता पाहा, लाकूडतोड्या लाकूड तोडतो. त्याला कुऱ्हाड लागते, लाकूड लागते, उभे राहायला जागा लागते. इतक्यांवाचून ज्याचे चालत नाही तो स्वतंत्र कसा? तर कुऱ्हाड त्याच्या हातून चालते. तो कुऱ्हाडीच्या हातून चालत नाही, म्हणून. तो थांबला की कुऱ्हाड थांबते. बाकी सगळे त्याच्या क्रियेला साह्य करणारे, आणि क्रियेचा आरंभ व शेवट त्याच्या स्वाधीन. तेव्हा लेखकाला कागद लागतो, छापखाना लागतो, गिऱ्हाईक लागते, एवढ्याने त्याचे स्वातंत्र्य जात नाही. ते जाते केव्हा? गिऱ्हाईक कर्ता होते आणि लेखक त्याची कुऱ्हाड होतो तेव्हा. पैसा कोणत्या बाजूने हातात आला हे पाहण्यापेक्षा लेखणी कोणाच्या हातात आहे, हे पाहावे.

आपल्या संप्रदायात याचे ठळक उदाहरण ताहराबादकर महिपतीबोवांचे. अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यातले हे गाव. बोवांचा जन्म १७१५ चा. घराण्यात कुलकर्णीपण, म्हणजे लेखणीवरच पोट. आख्यायिका अशी सांगतात, की बोवा देवपूजेस बसले असता जहागिरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो म्हटले, तर तो ऐकेना. बोवा गेले, सरकारी काम उरकले, परत आले आणि लेखणी विठ्ठलापुढे ठेवून म्हणाले की आता ही संतचरित्राखेरीज दुसऱ्या कोणाची चाकरी करणार नाही. पुढे त्याच हाताने १७६२ साली 'भक्तविजय' झाला, १७७४ साली 'भक्तलीलामृत' झाले. १७९० साली देह ठेवला तेव्हा 'संतविजय' अपुराच राहिला होता. मरेपर्यंत लेखणी खाली ठेवली नाही. फक्त तिचा धनी बदलला.

कीर्तनात ही कथा सांगताना आम्ही लोक त्या शिपायाची फजिती रंगवतो आणि पुढे जातो. खरी मौज पुढे आहे. भक्तविजय उघडून त्यात कोण कोण बसले आहेत ते पाहा. दळण दळणारी जनाबाई, मडकी घडवणारा गोरोबा, मळ्यातला सावता, हजामत करणारा सेना, महारवाड्यातला चोखोबा. कोणा सरदाराने द्रव्य देऊन हा ग्रंथ लिहवून घेतला असता, तर यांतल्या कितीजणांना अध्याय मिळाला असता? त्या सरदाराच्या पूर्वजांची वंशावळ आरंभी आली असती, आणि चोखोबा एखाद्या ओवीत उरकले असते. लेखणी मोकळी झाली म्हणून ग्रंथाचे दार मोकळे झाले. आणि हे बोवा 'सगळे माझेच' असे म्हणत नाहीत. उत्तरेत नाभाजींनी आणि माणदेशात उद्धवचिद्घनांनी आधी लिहिले, त्यांचा आधार घेतला, असे स्वच्छ सांगतात. आधार घेऊनही कर्तेपण त्यांचेच राहते. पाणिनीचा लाकूडतोड्या तो हाच.

आता कोणी म्हणेल, राजाश्रय वाईटच की काय? तसे नाही. चाळीसगावापासून अठरा-वीस किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे. नवरात्रात जाणारे पुष्कळ; पण तेथल्या शिलालेखाची वार्ता फारच थोड्यांना. शके ११२८ चा तो लेख. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव (हे आपले चौदाशे वर्षांचे चांगदेव नव्हेत बरे!) यांनी आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचे व इतर ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून येथे मठ काढला, आणि निकुंभ राजांनी त्यास दान दिले. लेख संस्कृतात, पण शेवटी दानाचा तपशील मात्र मराठीत. विकायला येणाऱ्या मालावरची पट्टी, तेलाच्या घाण्यामागे इतके तेल, अशी ती व्यवस्था. श्लोकांवरून हे मराठीवर उतरणे आम्हाला फार आवडते. स्तुती संस्कृतात चालते. पण कोणी किती द्यायचे हे तेल्याला आणि व्यापाऱ्याला कळले पाहिजे ना! आठशे वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या घाण्याच्या तेलावर लीलावतीचे पाठ चालले.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिद्धान्तशिरोमणी रचला गेला शके १०७२ मध्ये. मठाला हे दान मिळाले त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षांनी. म्हणजे दान आले ते झालेल्या ग्रंथाला. अमुक गणिताचे उत्तर तमुक काढा, असे त्या तेलाने सांगितले नाही. शब्द पूर्ण झाल्यावर मिळालेले मोल आणि शब्द उमटण्याआधी हातावर ठेवलेले मोल, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसऱ्या टोकाला आमच्या बहिणाबाई. १८८० साली जळगावजवळ असोद्यास जन्म. अक्षरओळख नाही. शेतात राबताना, जात्यावर बसल्या की ओवी सुरू. ना आश्रयदाता, ना शाई, ना कागद. चिरंजीव सोपानदेवांनी व घरच्या मंडळींनी काही गाणी उतरून घेतली. १९५१ साली बाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. मोलाला दोष देणारे हे उदाहरण हटकून पुढे करतात : बघा, खऱ्या कवीला छापण्याची हाव नसते! अहो, पण त्या माउलीचे पोट तिच्या खुरप्यावर होते, म्हणून गाण्याला कोणाच्या दारात जावे लागले नाही. आणि शेजारच्या घरात, पलीकडच्या गावात जात्यावर गाणाऱ्या ज्या बायांना सोपानदेव मिळाले नाहीत, त्यांच्या ओव्या पिठाबरोबर संपल्या. पुढे या पुस्तकावर किंमत छापली गेली. तिने गाणी बाटली, असे आजवर आम्ही कोणाच्या तोंडून ऐकले नाही.

स्वतंत्र म्हणजे एकटा, अशीही एक समजूत आहे. चाळीसगावात केकी मूस म्हणून थोर छायाचित्रकार होऊन गेले (१९१२–१९८९). स्टेशनाजवळच्या आपल्या घरात वर्षानुवर्षे स्वतःला कोंडून त्यांनी काम केले. लोक त्यांच्या एकांताची आणि रेल्वेगाडीची गोष्ट चवीने सांगतात, आणि चित्रांपुढे दोन मिनिटे उभे राहत नाहीत. असो. तो ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा प्रश्न. तुकोबा तर संसारी वाणी, आणि चाकणचे संताजी तेली त्यांचे अभंग उतरून घेत. माणसांच्या गराड्यात राहून त्यांची वाणी कोणाची बटीक झाली नाही. राजाकडून आलेला नजराणा परत पाठवला, असेच परंपरा सांगते.

मग कोणी विचारील, कीर्तनाला द्रव्य घेऊ नये हा आपला दंडक, तर पुस्तकाला सवलत का? कारण असे. कीर्तनात बोलणारा आणि देणारा समोरासमोर असतात. बिदागी आधी ठरली की बुवाची नजर नकळत देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळते, आणि त्याला न रुचणारा अभंग त्या रात्री निरूपणाला येतच नाही. आजकाल आमच्या मंडळींत काही ठिकाणी जे आकडे बोलले जातात ते ऐकून कानांवर हात ठेवावेसे वाटतात. आणि तीच मंडळी शंभर रुपयांच्या पुस्तकावर 'शब्द विकला' म्हणून टीका करतात, वर एक प्रत फुकट मागतात! पुस्तकाची किंमत उघड असते, पाटलाला तीच आणि गड्याला तीच. घेणाऱ्याने घेतले तरी आतले अक्षर बदलत नाही.

तरी स्वतंत्र लेखकाला भय नाही असे नव्हे. राजा एक होता, त्याला नाही म्हणता येत होते. गर्दीला नाही म्हणणे त्याहून कठीण. हल्ली लिहिलेले मोबाईलवर टाकतात आणि सकाळी उठून आधी किती जणांनी पाहिले ते मोजतात. काल जे आवडले तेच आज पुन्हा. कुऱ्हाड उलटली ती अशी; आणि उलटल्याचे कळतही नाही, कारण दोरी कोणाच्याच हातात दिसत नाही.

आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. दिवसा धान्याच्या दुकानात हिशेब लिहितो, पहाटे उठून आपल्या गावाचा इतिहास लिहितो. चार वर्षे घरोघर म्हाताऱ्यांपुढे बसून त्याने माहिती गोळा केली. गावातल्या एका सधन गृहस्थांनी छपाईचा सगळा खर्च देऊ केला; अट एकच, १९७२ च्या दुष्काळाचे प्रकरण गाळावे. त्या प्रकरणात कोणाच्या विहिरीवर कोणत्या वस्तीला पाणी भरू दिले नाही, ते लिहिले आहे. गृहस्थ वाईट नाहीत. हरिनाम सप्ताहाचे अन्नदान त्यांचेच असते, आणि आमचे पानही त्याच पंगतीत मांडलेले असते. तरुण आम्हाला विचारायला आला : बुवा, एक प्रकरण गेले तर बाकीचे दहा लोकांपुढे येतील, काय करू?

त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. दहा प्रकरणे ही थोडकी नव्हेत, आणि दुकानाच्या पगारात छापखान्याचे बिल भागत नाही. पण ती पाण्याची गोष्ट ज्या म्हातारीने सांगितली, तिने ती त्याच्यावर भरवसा ठेवून सांगितली. ती काही त्याची एकट्याची मालमत्ता नव्हे. तेव्हा आम्ही म्हटले, पैसे नम्रपणे परत कर, गृहस्थांशी भांडू नकोस, आणि त्या प्रकरणात त्यांच्या घरचे काही सांगणे असेल तर तेही त्यांना विचारून घाल. छपाईसाठी वाचकांकडून आगाऊ किंमत घे. पावती दे, प्रत्येकाचे नाव लिही. आमचे नाव पहिले लिही. सप्ताहातले आमचे पान राहील की जाईल, ते पांडुरंगावर सोडू.

त्याने पैसे परत केले. आजवर एकेचाळीस नावे झाली आहेत. छापखानेवाला दोनशे झाल्याशिवाय काम हाती घ्यायला तयार नाही.