तांब्यावर कोरलेली लढाई

टिपू सुलतान नेमका कोणाच्या गोळीने पडला, हे खात्रीने कोणालाच सांगता आलं नाही. ४ मे १७९९ रोजी भर दुपारी श्रीरंगपट्टणच्या तटाला पाडलेल्या खिंडारातून ईस्ट इंडिया कंपनीची फौज आत घुसली आणि रात्री उशिरा, दिव्याच्या उजेडात, एका दरवाज्यातल्या प्रेतांच्या ढिगाखाली टिपूचा देह सापडला. तरीही पुढे कित्येक वर्षं लंडनच्या चित्रविक्रेत्यांकडे टिपूचे अखेरचे क्षण विकत मिळत होते. अंगरखा, तलवार, चेहऱ्यावरचे भाव, सगळं अगदी डोळ्यांदेखत घडल्यासारखं.

त्यातली सर्वांत गाजलेली छापचित्रं रॉबर्ट केर पोर्टर या चित्रकाराच्या कामावरून केलेली आहेत. १८०० साली, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या या पोराने शंभर फुटांहून लांब पट रंगवून लंडनच्या लायसियममध्ये मांडला. सहा आठवड्यांत रंगवला, असं सांगतात. श्रीरंगपट्टण त्याने पाहिलेलंही नव्हतं. तिकीट काढून लोक आत जात आणि लढाईच्या मधोमध उभं असल्याचा आनंद घेऊन, जेवणाच्या वेळेला घरी परतत. तो पट पुढे आगीत खाक झाला. उरली ती त्यावरून जियोव्हान्नी वेंद्रामिनी या इटालियन कारागिराने तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आणि १८०२-०३ च्या सुमारास निघालेली छापचित्रं. मूळ जळालं आणि नक्कल टिकली. छापचित्राच्या धंद्यात यात नवल काही नाही.

ही चित्रं जवळून पाहावीत. वेंद्रामिनीचं काम मुख्यतः टिंबांचं. गाल, कपाळ, हात हे सगळं बारीक ठिपक्यांच्या दाटी-विरळीतून उमटतं. धूर मात्र जवळजवळ न कोरलेला असतो. जिथे तांब्याला हत्यार लागलं नाही तिथे शाई धरत नाही आणि कागद पांढरा राहतो. चित्रकाराला हा धूर फार सोयीचा. तो मागची गर्दी गिळतो, पुढच्या अधिकाऱ्याला उठाव देतो, आणि जे दाखवायचं नाही ते झाकून टाकतो. श्रीरंगपट्टण पडलं त्या रात्री शहरात भयंकर लूट झाली. ती थांबवण्यासाठी कंपनीच्या फौजेतल्या आर्थर वेलस्लीला काही लुटारूंना फासावर द्यावं लागलं आणि काहींना चाबकाचे फटके द्यावे लागले. लुटीची ती रात्र ‘गौरवशाली विजय’ म्हणून कोणी दिवाणखान्यात लावणार नव्हतं.

मला या सगळ्या प्रकारात सर्वांत बोलका वाटतो तो चित्रासोबत मिळणारा साधा कागद. अशा मोठ्या युद्धचित्रांबरोबर एक रेखाटन देत. माणसांच्या नुसत्या बाह्यरेषा, त्यांवर आकडे आणि खाली नावं. अमुक आकडा म्हणजे हल्ल्याचं नेतृत्व करणारा जनरल बेअर्ड, तमुक म्हणजे कोणी कर्नल. या अधिकाऱ्यांचे नातेवाईक, त्यांच्या पलटणीतले सोबती हेच तर गिऱ्हाईक. चेहरा ओळखू आला तर चित्र खपायचं. शत्रूच्या बाजूला नाव असतं ते बहुधा एकट्या टिपूला. बाकीचे पगडीवाले, ढालवाले, पडणारे, पळणारे हे सगळे बिनआकड्याचे. कंपनीच्या बाजूने लढलेल्या हिंदी शिपायांचीही गत फारशी वेगळी नाही. विजयात त्यांचा वाटा होता, चित्राच्या वर्गणीदारांच्या यादीत नव्हता. एखाद्या लग्नाच्या अल्बममध्ये वाढपी दिसावेत तसे ते कडेकडेने दिसतात.

ओळखीच्या अधिकाऱ्यांभोवती लढाई रचण्याचा हा साचा काही हिंदुस्थानासाठी घडवलेला नव्हता. १७५९ साली क्वेबेकच्या लढाईत पडलेल्या जनरल वुल्फचं बेंजामिन वेस्टने १७७० मध्ये चित्र काढलं. विल्यम वूलेटने ते १७७६ मध्ये कोरलं आणि ते युरोपभर खपलं. मरणाऱ्या सेनापतीभोवती जमलेल्यांपैकी बरेचजण त्या वेळी तिथे नव्हतेच. पण बाजाराला एकदा कळलं की सेनापतीचं मरण पैसा देतं, मग प्रत्येक मोहिमेला असं एक चित्र लागलं.

पुढे डेव्हिड विल्कीने टिपूचा देह शोधणारा बेअर्ड रंगवला. चित्र बेअर्डच्या विधवेच्या सांगण्यावरून काढलेलं, १८३९ साली पूर्ण झालेलं. बेअर्डच्या पायाशी जमिनीत एक लोखंडी जाळी दिसते. खाली तळघर आहे. इंग्रज हरले त्या पोल्लिलूरच्या लढाईत, १७८० साली, बेअर्ड पकडला गेला होता आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ श्रीरंगपट्टणात कैदेत खितपत पडला होता. त्या एका जाळीने अख्खी स्वारी एका माणसाच्या सूडाची, म्हणजे न्यायाची, गोष्ट होऊन जाते. कारागिरी म्हणून मी तिला दाद देतो. पण कंपनीला म्हैसूरचं राज्य का हवं होतं, हा प्रश्न त्या जाळीतून अलगद खाली सरकतो.

त्याच पोल्लिलूरचं दुसरं चित्र श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतल्या भिंतीवर आहे. तिथे इंग्रजांचा चौकोन मोडतो आहे, दारूगोळ्याचा गाडा उडतो आहे आणि इंग्रजांचा सेनानी कर्नल बेली पालखीत बसला आहे. ते चित्र निःपक्षपाती आहे असं मुळीच नाही. त्यात निजामाची यथेच्छ टिंगल आहे आणि टिपू आणि त्याचा बाप हैदर फुलं हुंगत जणू सहलीला निघालेत. फरक इतकाच की भिंत जागची हलत नाही. आणि गंमत म्हणजे, जिंकल्यावर वेलस्ली त्याच वाड्यात राहिला. इंग्रजांच्या पराभवाची ही भिंत पुढे इंग्रजांनीच दुरुस्त करून घेतली. लंडनमधल्या तांब्याच्या पत्र्याने तोवर शेकडो घरांत श्रीरंगपट्टण पोचवलं होतं. २०२२ मध्ये याच पोल्लिलूरचं कागदावरचं एक जुनं चित्र लंडनच्या लिलावात ६ लाख ३० हजार पौंडांना गेलं.

मराठ्यांना या चित्रांत जागा कुठे, असं कोणी विचारेल. टिपूशी झालेल्या, १७९२ मध्ये संपलेल्या आधीच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन हे मराठा सरदार कंपनीच्या गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या बाजूला होते. टिपूचे दोन मुलगे ओलीस दिले गेले त्या प्रसंगाची चित्रं तर इंग्रजांना विलक्षण आवडली. पण त्यांत कौतुक आहे ते मुलांचा हात धरणाऱ्या कॉर्नवॉलिसचं. पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा हा चित्रांचा छापखाना काढायला हातभार लावला, त्यामागे घरोघरी कोणाची तसबीर लागते याची पक्की जाण असणार. नाना फडणवीस तिथूनच मराठी घरांच्या भिंतींवर गेला.

श्रीरंगपट्टणची ही छापचित्रं आज आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या हॉटेलांत, क्लबांत, एखाद्या हौशी वकिलाच्या कचेरीत दिसतात. ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. चित्रं देखणी आहेत आणि पैसे मोजून घेतलेली आहेत. मात्र विकणारे बहुतेकदा चित्र देतात आणि आकड्यांचा तो कागद मागे राहतो. मला विचाराल तर तो हुडकून, चौकट करून, चित्राच्या शेजारीच लावावा. कोणाला आकडा मिळाला आणि कोणाला नाही, हे पाहुण्याला चहा संपेपर्यंत मोजता येईल.